गोळ्या कुटण्याचे पिळाचे यंत्र : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर सतरा दिवसांनी अप्पा घरी आले, तेव्हा त्यांच्या नाकात राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी नळी, होती, पिशवीत आठ औषधे होती आणि डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी सर्व गोळ्या कुटून नळीतून द्याव्यात अशी एका ओळीची सूचना होती. पहिल्या रात्री आम्ही घरातल्या दगडी खलात गोळ्या कुटल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषधाच्या दुकानातून गोळ्या कुटण्याचे प्लॅस्टिकचे छोटे यंत्र १८० रुपयांना आणले. गेले अकरा महिने ते आमच्याकडे रोज तीन-चार वेळा वापरले जात आहे. याच साच्याची यंत्रे बाजारात निरनिराळ्या नावांनी मिळतात, त्यामुळे उत्पादकाच्या नावापेक्षा या प्रकारच्या यंत्राविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

यंत्राची रचना साधी आहे. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची लहानशी वाटी, तिच्यावर आट्यांनी बसणारे झाकण आणि झाकणाच्या आतून खाली आलेला, टोकाला खाचा असलेला दट्ट्या एवढेच त्याचे भाग आहेत. गोळी वाटीच्या तळाशी ठेवून झाकण पिळत खाली न्यायचे, ती फुटल्याचा कडकन आवाज आला की झाकण थोडे सैल करून वाटी टेबलावर हलकेच आपटायची, म्हणजे वर चिकटलेली पूड तळाशी येते, आणि मग पुन्हा पिळायचे. तीन फेऱ्यांत साध्या गोळीची पूड पिठीसाखरेइतकी बारीक होते. माझ्या आईची बोटे संधिवाताने आखडलेली आहेत, त्यामुळे तिला झाकणाभोवती ओला रुमाल गुंडाळून दोन्ही हातांनी पिळावे लागते, पण तिलाही ते जमते.

खलाच्या तुलनेत हे यंत्र निःसंशय सरस आहे. आमच्या खलात वर्षानुवर्षे आले आणि वेलदोडे कुटले गेले आहेत, दगडाला सूक्ष्म छिद्रे आहेत, आणि ७५ मिलिग्रॅम औषध असलेली एवढीशी गोळी त्यात कुटल्यावर तिच्यातले किती औषध अप्पांच्या पोटात गेले आणि किती दगडात राहिले हे कोणालाही सांगता येणार नाही. यंत्राच्या वाटीत मात्र कुटून झाल्यावर थेट पाणी घालता येते, त्यातच पूड ढवळून सिरिंजमध्ये ओढता येते आणि वाटी पुन्हा थोड्या पाण्याने विसळून ते पाणीही नळीतून देता येते. पहिले काही दिवस आम्ही पूड चमच्यावर काढून घेत होतो. त्या वेळी दट्ट्याच्या खाचांत किती औषध अडकून राहते हे विसळलेल्या पाण्याच्या पांढुरक्या रंगावरून लक्षात आले. पातळ लेप असलेल्या काही गोळ्या कुटल्यावर लेपाचे लसणाच्या सालीसारखे पापुद्रे उरतात. पूड पाण्यात काही मिनिटे तशीच ठेवली की ते मऊ पडतात आणि नळीत अडकत नाहीत.

इथपर्यंत यंत्राविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या खोक्यावर छापलेल्या एका ओळीविषयी. हे यंत्र सर्व प्रकारच्या गोळ्यांसाठी आहे, असे ती ओळ सांगते. यंत्राच्या ताकदीपुरते ते खरे आहे, कारण आम्ही त्यात घातलेली प्रत्येक गोळी फुटली. पण फुटू शकणारी प्रत्येक गोळी फोडण्यासारखी नसते, आणि हे आम्हाला रुग्णालयातून निघताना कोणी सांगितले नाही, कार्डावर लिहिलेले नव्हते आणि यंत्राच्या खोक्यावरही नव्हते.

घरी आल्यावर चौथ्या रात्री नळी बंद पडली. तोपर्यंत आम्ही रात्रीची सगळी औषधे एकदम कुटून एकाच वाटीत कालवत होतो. त्या रात्री कालवलेल्या पाण्यात सब्जासारखा बुळबुळीत गोळा तयार झालेला मला दिसला होता. पूड नीट ढवळली गेली नसेल असे समजून मी आणखी पाणी घातले आणि सिरिंज लावली. अर्धे औषध गेले आणि दट्ट्या जागीच थांबला. शेजारच्या काकांनी कोलाचे पेय घालून पाहा असे सुचवले. त्यांचा हेतू चांगला होता, पण आम्लयुक्त पेयाने नळीतले दूध आणि प्रथिनांची पावडर साकळून अडथळा अधिकच घट्ट होऊ शकतो, आणि बारीक तार घालून नळी मोकळी करणे तर पोटाला किंवा अन्ननलिकेला इजा करणारे आहे. कोमट पाणी सिरिंजने हलक्या हाताने आत-बाहेर करून पाहिले, तरी नळी सुटली नाही. अखेर रात्री अकरा वाजता अप्पांना रुग्णवाहिकेतून नेऊन जुनी नळी काढावी लागली आणि नवी घालावी लागली. नवी नळी घशातून उतरत असताना अप्पांनी उजव्या, चालत्या हाताने माझे मनगट धरून ठेवले होते. त्यांना बोलता येत नव्हते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होते. नळी जठरातच गेली आहे याची खात्री करणारा एक्स-रे होईपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठही औषधांची पाकिटे घेऊन ज्या दुकानातून यंत्र घेतले होते तिथे गेले. काउंटरवरच्या फार्मासिस्ट ताईंनी पाकिटे एका रांगेत मांडली, चष्मा काढून प्रत्येकाची मागची बाजू डोळ्यांजवळ धरून वाचली आणि त्यांपैकी पाच पाकिटे एका बाजूला सरकवली. ही पाच औषधे कुटायची नाहीत, असे त्या म्हणाल्या. आठांपैकी पाच! औषध दुकानातील नोंदणीकृत फार्मासिस्टने रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगावे अशी अपेक्षा २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांतच आहे, पण ते इतक्या मनापासून केलेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

पहिले पाकीट जठरातले आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलचे होते. हे औषध जठरातील आम्लात नष्ट होते, म्हणून त्याच्या गोळीवर आतड्यात पोचल्यावरच विरघळणारा लेप दिलेला असतो. गोळी कुटली की लेप गेला, आणि लेप गेला की औषध पोटात पडताच निकामी झाले. म्हणजे चार दिवस आम्ही अप्पांना जवळपास निरुपयोगी पूड देत होतो. दुसरे पाकीट अ‍ॅस्पिरिनचे होते. त्यावरचा लेप जठराला होणारा त्रास टाळण्यासाठी असतो, आणि नळी असलेल्या रुग्णासाठी पाण्यात विरघळणारी अ‍ॅस्पिरिन वेगळी मिळते. तिसरे मधुमेहावरचे मेटफॉर्मिन एसआर. याच औषधाने आमची नळी बंद केली होती. औषध हळूहळू सुटावे म्हणून अशा गोळीत पाणी लागताच फुगून चिकट होणारा पदार्थ मिसळलेला असतो. अख्खी गोळी पोटात गेली तर तो पदार्थ आपले काम मुकाट्याने करतो, पण तीच गोळी कुटून पाण्यात टाकली तर वाटीतच खळ तयार होते.

चौथे पाकीट रक्तदाब आणि नाडी आटोक्यात ठेवणाऱ्या मेटोप्रोलॉल एक्सएलचे होते, आणि ते हातात घेतल्यावर ताईंनी अप्पांची नाडी कधी मोजली का, असे विचारले. आम्ही मोजली होती. आदल्या सकाळी औषध दिल्यानंतर दीड तासाने बोटाला लावलेल्या यंत्रावर ४८ हा आकडा दिसला होता, आणि यंत्राची बॅटरी उतरली असेल असे समजून आम्ही ती बदलली होती. चोवीस तासांत थोडे थोडे सुटायचे औषध कुटल्यावर एकदम रक्तात येते आणि नाडी व रक्तदाब दोन्ही खाली येऊ शकतात. या गोळीवर मध्ये रेघ असते आणि ती रेघेवर अर्धी करता येते, त्यामुळे ती कुटूनही चालेल असा समज होणे सहज शक्य आहे. प्रत्यक्षात तिच्यातल्या बारीक कणांवर स्वतंत्र लेप असतो. अर्धी केलेल्या गोळीत तो शाबूत राहतो, पूड केल्यावर राहत नाही.

पाचवे पाकीट पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीसाठीच्या टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइडच्या कॅप्सूलचे होते, आणि त्याविषयी ताईंचा पहिला प्रश्न होता की ही कॅप्सूल उघडते कोण. माझी भावजय उघडत होती. तिला चौथा महिना चालू होता. ड्युटास्टेराइड त्वचेतून शरीरात जाऊ शकते आणि पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला त्यापासून अपाय होण्याची शक्यता असते, म्हणून गरोदर स्त्रीने फुटलेल्या कॅप्सूलला हात लावू नये असे स्पष्ट बजावलेले असते. त्याच गटातील फिनास्टेराइडच्या कुटलेल्या गोळीलाही हेच लागू आहे. भावजयीने कॅप्सूल दोनदाच उघडली होती. डॉक्टरांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आणि पुढे सर्व काही सुखरूप झाले, परंतु ती दोन दिवसांची घालमेल मी विसरू शकत नाही. यंत्राचे झाकण उघडताना पुडीचा बारीक धुरळा उडतो. कर्करोगावरची औषधे किंवा मेथोट्रेक्सेट घरी असल्या यंत्रात मुळीच कुटू नयेत, हेही मला त्याच दिवशी कळले.

ताईंनी तिथूनच अप्पांच्या डॉक्टरांना फोन लावला. पॅन्टोप्राझोलऐवजी इसोमेप्राझोलची पाण्यात कालवायची पुडी चालेल का, असे डॉक्टरांनी विचारले असावे, कारण अप्पांना रक्ताची गुठळी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल चालू असल्याने ती नको, असे उत्तर मला ऐकू आले. इसोमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा गुण कमी पडू शकतो. शेवटी लॅन्सोप्राझोलची तोंडात विरघळणारी गोळी ठरली. ती न कुटता थोड्या पाण्यात विरघळवून नळीतून देता येते, फक्त तिचे बारीक कण बुडाशी बसण्याआधी सिरिंज रिकामी करावी लागते. मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन साध्या गोळ्यांत, दिवसातून दोनदा विभागून लिहून आली, अ‍ॅस्पिरिन विरघळणारी आली, फिट येऊ नये म्हणून चालू असलेले लेव्हेटिरासिटॅम पातळ औषधात मिळाले, आणि कॅप्सूल मूत्ररोगतज्ज्ञांनी बंद करून दुसरी व्यवस्था केली. हे सर्व बदल डॉक्टरांनी केले. फार्मासिस्टने किंवा आपण स्वतः मात्रा बदलायची नसते, कारण हळू सुटणाऱ्या गोळीची साधी गोळी करताना मात्रा आणि वेळ दोन्ही नव्याने ठरवावी लागते.

खरेदी करणाऱ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट इथेच लिहिते. पाकिटावर मोठ्या अक्षरांत औषधाचे बाजारातले नाव असते आणि त्यापुढे एसआर, ईआर, एक्सआर, सीआर, एमआर, एक्सएल, रिटार्ड असे काही असेल तर ती गोळी कुटायची नाही, हे लक्षात ठेवणे सोपे आहे. पण ही अक्षरे नसली म्हणजे गोळी निर्धोक आहे असे मुळीच नाही. त्याच्याखाली बारीक अक्षरांत शास्त्रीय नावाची जी ओळ असते तिच्यात प्रोलाँग्ड-रिलीज किंवा गॅस्ट्रो-रेझिस्टंट हे शब्द शोधावेत. आमच्या पॅन्टोप्राझोलच्या मोठ्या नावात कोणतेही सावध करणारे अक्षर नव्हते, परंतु खालच्या ओळीत गॅस्ट्रो-रेझिस्टंट असे छापलेले होते आणि आम्ही ते चार दिवस वाचले नव्हते. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या नळीतून द्यायच्या नसतात, हेही विचारून घेतलेले बरे.

यंत्राबरोबर सिरिंज मिळत नाही, ती वेगळी घ्यावी लागते आणि तिची निवड यंत्राइतकीच महत्त्वाची आहे. नळीसाठी ५० मिलीची, लांब निमुळत्या तोंडाची सिरिंज घ्यावी. लहान सिरिंजने त्याच जोराने दाबले तरी नळीत फार मोठा दाब तयार होतो आणि नळी फाटू शकते. इंजेक्शनची सिरिंज नळीच्या औषधांसाठी घरात वापरूच नये, कारण ज्या घरात सलाइनही चालू असते तिथे पोटाचे औषध शिरेत जाण्याची चूक जीवघेणी ठरते. ही चूक जोडणीच्या आकारामुळेच अशक्य व्हावी म्हणून २०१६ साली आयएसओ ८०३६९-३ हे मानक आले आणि त्यानुसार बनवलेल्या, शिरेच्या नळीला बसूच न शकणाऱ्या सिरिंज निघाल्या. आमच्या गावातल्या दुकानांत मात्र अजून जुन्या पद्धतीच्याच मिळतात, म्हणून आम्ही अप्पांच्या सिरिंजला जांभळी चिकटपट्टी गुंडाळली.

आता आमची पद्धत अशी बसली आहे. प्रथम नाकपुडीपाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का ते पाहायचे, आणि ती सरकलेली असेल तर काहीही न देता परिचारिकेला बोलवायचे. अप्पांना पाठीशी उशा देऊन निम्मे बसते करायचे आणि औषधानंतर निदान अर्धा तास तसेच ठेवायचे. आधी ३० मिली पाणी, मग एकेक औषध स्वतंत्रपणे १०-१५ मिली पाण्यात, दोन औषधांच्या मध्ये पुन्हा थोडे पाणी आणि शेवटी ३० मिली पाणी. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे त्यांनी हे पाणी दिवसाच्या हिशेबात धरायला डॉक्टरांना विचारून घ्यावे. औषध दुधात किंवा पेजेत कालवायचे नाही, कारण पेज अर्धी राहिली तर औषधही अर्धेच जाते. फिट येऊ नये म्हणून ज्यांना फेनिटॉइन चालू आहे त्यांनी तर विशेष जपावे, कारण नळीतल्या आहाराबरोबर ते नीट शोषले जात नाही आणि त्यासाठी आहार आधी व नंतर काही वेळ थांबवावा लागतो. थायरॉइडच्या गोळीचेही तसेच आहे. बद्धकोष्ठतेसाठी घरोघरी इसबगोल असते, ते नळीत घालण्याचा विचारही करू नये. ते नळीतच फुगून बसते.

अडीच महिन्यांनी अप्पांची नळी निघाली, आणि यंत्राचा उपयोग संपेल असे वाटत असताना तो वेगळ्या रीतीने सुरू झाला. घन आणि पातळ दोन्ही गिळताना त्यांना ठसका लागत होता, म्हणून वाचा व गिळण्याच्या उपचारतज्ज्ञांनी पाणी दाट करण्याची पावडर सुरू केली आणि ते किती दाट हवे हे १० मिलीच्या सिरिंजने मोजायला शिकवले. सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून १० मिली भरायचे, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचे आणि पुन्हा बंद करून आत किती उरले ते पाहायचे. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापनात ४ ते ८ मिली उरले तर ती दुसरी पातळी, आणि अप्पांना तीच सांगितली होती. त्यामुळे लेव्हेटिरासिटॅमचे पातळ औषधही तसेच न देता दाट करूनच द्यावे लागले. गोळ्यांची पूड आम्ही चमचाभर गाळलेल्या सफरचंदाच्या गरात देतो. श्रीखंडात किंवा दह्यात औषध देण्याची आईची इच्छा असते, पण सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही प्रतिजैविके दुग्धजन्य पदार्थांतील कॅल्शियमला बांधली जातात आणि शरीरात पुरेशी पोचत नाहीत, म्हणून तिला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते.

दाट करण्याच्या पावडरीविषयी दोन गोष्टी यंत्र घेणाऱ्याला माहीत असाव्यात. स्टार्चपासून केलेल्या पावडरीत पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे रेचक कालवले तर दाट केलेले द्रव पुन्हा पातळ होते आणि ठसक्याचा धोका वाढतो. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२१ मध्ये याविषयी इशारा दिलेला आहे. पावडरीचा डबा रुग्णाच्या हाताशी ठेवू नये, कारण कोरडी पावडर तोंडात गेली तर ती घशात फुगून श्वास कोंडू शकतो. आमच्याकडे तो डबा यंत्राशेजारी न ठेवता वरच्या फळीवर असतो.

पूड दिल्यानंतर तोंड उघडून पाहणे हे या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटलेले काम आहे. एका दुपारी अप्पांच्या डाव्या, लुळ्या गालाच्या पोकळीत सकाळच्या क्लोपिडोग्रेलची फिकट गुलाबी लगदी तशीच सापडली. त्यांना तिचा स्पर्शच जाणवत नव्हता. तेव्हापासून औषधानंतर त्या बाजूने ओल्या कापसाचा बोळा फिरवला जातो.

यंत्राच्या टिकाऊपणाविषयी लिहायचे तर नवव्या महिन्यात झाकणाच्या आट्यांना केसासारखी चीर पडली. आम्ही ते सुरुवातीला उकळत्या पाण्याने धूत होतो, त्याचाच हा परिणाम असावा. कोमट पाणी, साबण आणि दात घासण्याचा मऊ ब्रश एवढे पुरेसे आहे, आणि धुतल्यावर उपडे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्यावे लागते, नाहीतर पुढची पूड ओल्या खाचांना चिकटते. झाकणाच्या माथ्यावर गोळ्या ठेवण्याचा जो छोटा कप्पा दिला आहे तो वापरू नये असे माझे मत आहे. पाकिटातून काढलेली गोळी कोणती हे दोन तासांनी ओळखता येत नाही, आणि या घरात तेवढी चूकही परवडणारी नाही. यंत्रात एका वेळी एकच औषध कुटावे, आणि घरात दोन रुग्ण असतील तर दोन यंत्रे घ्यावीत.

गेल्या महिन्यात मी दुसरे यंत्र घेतले. त्याला आता २०० रुपये पडले, आणि खोक्यावर तीच ओळ आहे. फार्मासिस्ट ताईंनी अप्पांच्या सध्याच्या औषधांची यादी जाड शाईने लिहून दिली आहे. तीत कोणते औषध कुटायचे, कोणते विरघळवायचे आणि कोणते अख्खे गिळता येईपर्यंत बंद ठेवायला डॉक्टरांनी सांगितले आहे, हे वेगवेगळे मांडलेले आहे. ती यादी मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून यंत्र ठेवायच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. नवे औषध आले की पाकीट आधी ताईंकडे जाते, यादीत त्याचे नाव लिहिले जाते आणि मगच डबा उघडतो.